पाहुण्यांसाठी केलेली भजी

एका शहराच्या कडेला बंगल्यांची एक वसाहत होती आणि तेथे एक सेवानिवृत्त शिक्षिका राहत असत. वसाहतीत पुढे जो गोंधळ माजला, त्याचे मूळ असलेला शब्द त्यांनीच सुचवला होता.

वसाहतीत उंदरांनी उच्छाद मांडला होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाई, त्यांचं नाव घ्यायचं नाही हो! मेले ऐकतात आणि मग पिंजऱ्याकडे फिरकत नाहीत."

नाव टाळायचेच, तर पर्यायी शब्द तरी सभ्य असावा, असे बाईंना वाटले. "मग 'पाहुणे' म्हणा," त्या म्हणाल्या. "आदरार्थी अनेकवचन. कोणाला संशय येणार नाही."

शब्द सर्वांना आवडला. पण त्या दिवसापासून कशाचा कशाला मेळ बसेना.

"आमचे पाहुणे माळ्यावर नारळ कुरतडतात," काकू सांगत.

"छे! पाहुणे भिंतीखालून येतात," समोरचे दादा म्हणत. "मातीचा ढीग बघा केवढा!"

"आमच्याकडच्या पाहुण्यांना तर उग्र दर्प आहे," बाई म्हणत. "तोंडही लांबट आहे."

पाहुणे एक की अनेक, हेच कळेना. पिंजरे रिकामे राहिले आणि दादांची कुंपणाची भिंत कलली.

अशातच काकूंचा नवा जावई पहिल्यांदा सासुरवाडीला आला. तो व्हरांड्यात बसला असताना काकूंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारले, "बाई, पाहुण्यांच्या भज्यांत औषध किती घालू?"

"चिमूटभर पुरे," बाई कुंपणापलीकडून उत्तरल्या. "आणि मेले, की लगेच पुरून टाका. वास सुटतो."

थोड्या वेळाने जावयापुढे भज्यांची बशी आली. तो ताडकन उठला आणि त्याने बॅग उचलली.

"अहो, काय झालं?" काकूंची लेक रडवेली झाली.

"पाहुण्यांसाठी काय शिजतं, ते ऐकलं मी. पुन्हा या घराची पायरी चढणार नाही!"

काकूंना काही कळेना. बाई मात्र समजल्या. नाव उच्चारले, तर काकूंचा रोष. न उच्चारले, तर एका मुलीचे माहेर तुटणार. त्यांनी वर्गात लावत तसा खणखणीत आवाज लावला.

"उंदीर! जावईबापू, उंदीर!"

"आता मी उंदीर?"

"तुम्ही नव्हे! पाहुणे म्हणजे उंदीर!"

काकूंनी धावत जाऊन पिंजऱ्यासाठी वेगळी काढलेली भजी दाखवली, तेव्हा कोठे जावयाला हसू फुटले. हसता हसता त्याने विचारले, "पण नक्की कुठला उंदीर?"

आरडाओरडा ऐकून समोरचे दादाही आले होते. बाईंनी एकेकाला पुन्हा विचारले आणि त्यांना उमगले: दादांच्या भिंतीखाली घूस होती, काकूंच्या माळ्यावर काळा उंदीर होता आणि बाईंच्या अंगणात किडे खाणारी निरुपद्रवी चिचुंद्री होती. एकाच नावाने तिघांवर एकच उपाय चालला होता.

मग असे ठरले, की दादांनी भिंतीलगत रचलेला विटांचा ढीग हलवून बिळे दगड-सिमेंटने बुजवावीत. काकूंनी पिंजरा माळ्यावर ठेवावा आणि धान्य पत्र्याच्या डब्यांत भरावे. चिचुंद्रीला कोणी हात लावू नये. आणि खाण्याच्या पदार्थात विष कोणीही घालू नये. दादांनी मान डोलावली, जावयाने आपल्या बशीतले भजे तोंडात टाकून संमती दिली. काकूंनीही होकार दिला; फक्त तो कुजबुजत दिला.

तात्पर्य एवढेच, की ज्याचा बंदोबस्त करायचा, त्याला आधी नीट ओळखावे आणि त्याच्या खऱ्या नावाने हाक मारावी.