ठिपकीची शेवंती

नीट बसा. हात मांडीवर. आता ऐका.

एक होती ठिपकी. मसुराच्या डाळीएवढी. लाल पाठ, पाठीवर काळे ठिपके. ती राहायची शेवंतीच्या झुडपात. शेवंती पिवळी, रानातली. गजरामामीने ती माळावरून आणली आणि परसात लावली. मामीची ही पहिलीच शेवंती.

शेवंती फुलली. फुलं सरली. पानं वाळली. नुसत्या काड्या राहिल्या.

"मेली वाटतं," मामी म्हणाली. खसकन उपटली. बांधावर फेकली. धप्प!

ठिपकी पडली उलटी. पाय वर. वळवळ, वळवळ, टुण्! उभी राहिली. मुळाशी गेली. मूळ ओलं होतं. मुळाला हिरवा कोंब होता.

"मेली नाही, झोपली आहे! पण उन्हात पडून राहिली, तर मरेल."

तुरुतुरु, तुरुतुरु, भुर्र! ठिपकी बसली मामीच्या नाकावर.

"गजरामामी, गजरामामी, शेवंती लावतेस का?
माझं घर मिळेना!"

मामीने कोंब पाहिला. "अगं बाई, जिवंत आहे की! पण माती दगडासारखी. खुरपं शिरत नाही. आधी माती भिजू दे. मग लावते."

"बरं. बघतेच!"

तुरुतुरु, तुरुतुरु, भुर्र! ठिपकी गेली मातीकडे.

"मातीबाई, मातीबाई, भिजतेस का?
मामी लावेना,
माझं घर मिळेना!"

माती म्हणाली, "पाण्यावाचून कशी भिजू? आधी पाट वाहू दे. मग भिजते."

"बरं. बघतेच!"

तुरुतुरु, तुरुतुरु, भुर्र! ठिपकी गेली पाटाकडे.

"पाटदादा, पाटदादा, वाहतोस का?
माती भिजेना,
मामी लावेना,
माझं घर मिळेना!"

पाट म्हणाला, "वाहू कुठून? मध्ये म्हैस बसली आहे पसरून. आधी म्हैस उठू दे. मग वाहतो."

"बरं. बघतेच!"

तुरुतुरु, तुरुतुरु, भुर्र! ठिपकी गेली म्हशीकडे.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, उठतेस का?
पाट वाहेना,
माती भिजेना,
मामी लावेना,
माझं घर मिळेना!"

म्हशीने एक डोळा उघडला. "हँऽऽ! एवढीशी तू, आणि मला उठवणार?"

"उठवणार."

"मग मला चवळीचा पाला हवा. हिरवागार. आधी वेलाला पाला देऊ दे. मग उठते."

"बरं. बघतेच!"

तुरुतुरु, तुरुतुरु, भुर्र! ठिपकी गेली चवळीच्या वेलाकडे.

"वेलदादा, वेलदादा, पाला देतोस का?
म्हैस उठेना,
पाट वाहेना,
माती भिजेना,
मामी लावेना,
माझं घर मिळेना!"

वेल रडकुंडीला आला. "कसला पाला, बाई! पानापानावर मावा बसला आहे. इवले इवले किडे. माझा रस पितात. आधी मावा हटू दे. मग देतो."

ठिपकी हसली. मावा? मावा म्हणजे तर तिचं जेवण!

मट् मट् मट्! या पानावरचा खाल्ला. मट् मट् मट्! त्या पानावरचा खाल्ला. पोट झालं टम्म. मावा संपला.

मावा हटला,
वेलाने पाला दिला.
पाला पाहून म्हैस उठली. धडाम् धुडुम्!
म्हैस उठली, पाट वाहिला. झुळूझुळू झुळूझुळू!
पाट वाहिला, माती भिजली. चुबुक चुबुक!
माती भिजली, मामीने शेवंती लावली. खुरपं शिरलं खच्च!

कोंब वाढला. मुळाशी पिल्लं फुटली, नवी नवी रोपं. एक इकडे, एक तिकडे. मामीने पिल्लं हलकेच वेगळी केली. बांधाच्या कडेने ओळीने लावली. पुन्हा शेवंती फुलली. पिवळीच पिवळी!

मामी खाली वाकली. "ठिपके, यातलं तुझं घर कोणतं गं?"

ठिपकीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं.

"सगळीच!"

"असं? घे मग," मामी म्हणाली.

फुलं सरली. पानं वाळली. या खेपेला मामीने वरच्या काड्या तेवढ्या कापल्या. मुळाला हात लावला नाही.

ठिपकी घरी, गोष्ट पुरी.