लाइनमनची पाठ

"मागं वळून बघितलं, एवढाच ना माझा गुन्हा?"

लोटोने विचारलं. अंगणात खुर्ची टाकून ओटिस दोन्ही गुडघ्यांना मलम चोळत राहिला.

ओटिस एके काळचा अमेरिकन फुटबॉलमधला नावाजलेला लाइनमन. नावाजलेला म्हणजे खेळाडूंमध्ये. लोकांना त्याचं नाव ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. या खेळात क्वार्टरबॅक चेंडू हाताने फेकतो, आणि फोटो त्याचे छापून येतात. लाइनमन त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो आणि धावून येणाऱ्या दांडग्या माणसांना अडवतो. चेंडूला हात लावायचा नाही, चेंडूकडे बघायचं नाही. मैदानातल्या भोंग्यावर लाइनमनचं नाव ऐकू आलं, तर समजावं की त्याच्याकडून काहीतरी चुकलंय.

लोटो त्याचाच शिष्य. शाळेच्या मैदानावर ओटिसने त्याला नुसतं उभं राहायला शिकवलं होतं, आणि तेवढ्या भांडवलावर पोरगा थेट व्यावसायिक संघात पोचला. तिथे त्याने बोटं मोडून घेतली, मान धरून बसली, आणि सोबत थोडा ताठाही आला.

गेल्या रविवारी चेंडू सुटायच्या क्षणी त्याने मान वळवली. तेवढ्यात त्याने अडवलेला माणूस निसटला आणि एमेट नावाच्या क्वार्टरबॅकवर जाऊन आदळला. एमेटचा खांदा निखळला. संघाने लोटोला बाहेर बसवलं. संघातले जुने लोक ओटिसचा शब्द मानायचे; तो हो म्हणाला तरच येत्या रविवारी उतरायचं, नाहीतर सामान उचलायचं, असं त्याला स्पष्ट सांगितलं होतं.

"इतकी वर्षं भिंत होऊन उभा राहिलो, कोच. लोक ओरडले की मला कळतं, चेंडू पोचला. ज्याच्यासाठी हाडं मोडून घ्यायची, ते एकदा तरी डोळ्यांनी बघावंसं वाटणार नाही?"

"वाटणार की."

"मग?"

...

ओटिस काठी टेकत उठला. कोपऱ्यातला जुना चेंडू आणून त्याने लोटोच्या हातात ठेवला.

"आज तू फेक. पुढं मी उभा राहतो."

लोटोला हसू आलं. त्याला गाडीतून घेऊन आलेला धाकटा भाऊ सिमी कुंपणाशी उभा होता. तो कॉलेजच्या संघात नेमकं उलटं काम करायचा, लाइन फोडून आत घुसण्याचं. ओटिसने त्याला लोटोच्या अंगावर धावून यायला सांगितलं. सिमी घुटमळला. म्हाताऱ्या माणसाला धडक कशी द्यायची, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

ओटिसने काठी बाजूला टाकली आणि वाकून एक मूठ गवतावर टेकवली. गुडघे कडकड वाजले, पण पाठ एकदम सपाट झाली.

सिमी आधी बेताने आला. तेवढ्याने म्हातारा हलेना, तेव्हा त्याला चेव आला आणि त्याने सगळा जोर लावला. ओटिसचे दोन्ही तळवे त्याच्या छातीवर बसले आणि तिथेच राहिले. मागून लोटोने चेंडू फेकला. चेंडू शेडच्या छपरावरून पार पलीकडे गेला आणि लोटो तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. त्याला मनापासून आनंद झाला, आणि तो त्याने लपवलाही नाही.

"बघितलास?"

"बघितला, कोच."

"जा, घेऊन ये. पुन्हा एकदा."

पुन्हा ओटिसची मूठ गवतावर टेकली. सिमी धावला. लोटोने फेकायला हात वर नेला...

त्याच क्षणी ओटिसने मान वळवली आणि सरळ त्याच्याकडे बघितलं.

सिमी अजून चांगला लांब होता, आणि म्हाताऱ्याचं लक्ष नाही हे बघून तो आपणहून थांबलाही होता. तरी लोटोच्या हातातून चेंडू पडला. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटली. एवढा थोरला माणूस अंग चोरून उभा राहिला.

"काय झालं?" ओटिसने विचारलं.

"काही नाही. तुमचं तोंड दिसलं, वाटलं आता अडवायला कुणी नाही, म्हणून मी..."

लोटोने पायाशी पडलेल्या चेंडूकडे बघितलं.

...

"एमेटला पण माझं तोंडच दिसलं असणार..." तो म्हणाला. पुढचं त्याला बोलवेना. त्याला रडू आलं, लाजही वाटली.

कुणी त्याची समजूत घातली नाही. ओटिसने हळूहळू वाकून चेंडू उचलला. लोटोने बाहीने डोळे पुसले, चार पावलं पुढे गेला आणि म्हाताऱ्याकडे पाठ करून गवतात मूठ टेकवली.

"ये," तो भावाला म्हणाला. "भाऊ म्हणून येऊ नकोस."

सिमी आला तो पूर्ण वेगाने. छातीवर छाती आदळली. तो डावीकडून घुसायला बघे, उजवीकडून बघे, दरवेळी लोटोचे तळवे तिथे हजर. पायाखालचं गवत उपटून निघालं. धरलेल्या मानेतून कळ जात होती, घाम डोळ्यांत उतरत होता. मागे काहीच आवाज नव्हता. तिकडे काय चाललंय, हे कळायला मार्ग नव्हता. लोटोने दात आवळले आणि तोंड पुढेच ठेवलं.

शेवटी सिमीच धापा टाकत खाली बसला.

लोटो उभा होता.

"रविवारी खेळ," मागून ओटिस म्हणाला. "मी कळवतो त्यांना."

लोटोने मान डोलावली. समोरच बघत त्याने विचारलं, "चेंडू फेकलात का, कोच?"

"केव्हाच."