सात वेढ्यांची माशी

“पण चूक कुठं आहे, तेवढं तरी सांगाल?”

सुभेदार खराडे यांनी ग्लासात उरलेला चहाचा घोट अंगणात फेकला आणि ते डोळे मिटून भिंतीला टेकले.

विचारणाऱ्या होत्या डॉक्टर वसुधा वैरागडे. नागपूरच्या. तुटलेले हात, तुटलेली बोटं पुन्हा जोडणाऱ्या सर्जन. केसाहून बारीक दोऱ्यानं टाके घालतात. हे सगळं त्यांनी आल्याआल्या पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं होतं.

सुभेदारांनी तेव्हा “बरं” एवढंच म्हटलं होतं.

फौजेतून सुटल्यावर हा साताऱ्याकडचा माणूस गावी परतलाच नाही. हिमाचलात, तीर्थन नदीच्या काठी राहिला. ट्राउट मासे पकडायला खोट्या माश्या बांधायच्या आणि कुणी शिकायला आलंच तर शिकवायचं, एवढाच उद्योग. आता पंच्याहत्तरी उलटली होती. शिकवण्याचा कंटाळा आला होता आणि ते तो लपवतही नसत.

खोटी माशी म्हणजे तरी काय? शिकंज्यात, म्हणजे टेबलावरच्या छोट्या पकडीत, धरलेला इवलासा गळ. त्यावर दोऱ्यानं गुंडाळलेली थोडी लोकर. वर पांढऱ्या केसांची उभी शेंडी. त्या शेंडीभोवती कोंबड्याच्या मानेचं पीस आडवं फिरवायचं. त्याचे तंतू पॅराशूटसारखे चहूबाजूंना पसरतात, माशी पाण्यावर अलगद उतरते आणि तरंगत राहते. खालून मासा येतो आणि फसतो.

फसला तर.

डॉक्टर नऊ दिवस माश्या बांधत होत्या. रोज दुपारी नदीवर जात होत्या. नऊ दिवसांत एकही मासा त्यांच्याकडं फिरकला नव्हता.

“हे बघा तरी,” त्यांनी शिकंजा पुढं सरकवला. “शेंडी सरळ. पिसाच्या वेढ्याला वेढा लागून. तुम्ही तीन सांगितले होते, मी सात घातले. एक तंतू इकडचा तिकडं नाही.”

“सात का?”

“मजबुतीला. आमच्या ऑपरेशनमध्ये एक गाठ जास्तच मारतात.”

सुभेदारांनी एक डोळा उघडला.

“दिसायला झ्याक हाय.”

“मग?”

...

“डॉक्टरीणबाई, तुमी हितं माशाच्या मागं आलाय व्हय?”

डॉक्टरांनी शिकंजा पुन्हा आपल्याकडं ओढला.

“नाही,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. दीड वर्षापूर्वी मडावी नावाचा एक कामगार आला होता. उजवा हात मनगटापासून तुटलेला. त्यांनी तो अकरा तास उभं राहून जोडला. त्या टाक्यांचे फोटो मोठ्या परिषदेत दाखवले गेले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

“आन् हात?”

“हात आहे. रंग चांगला आहे, उबदार आहे...”

“पर?”

“बोटं मिटत नाहीत. चमचासुद्धा धरता येत नाही त्याला.”

आवाजात रडू नव्हतं. नुसता थकवा होता, अकरा तासांचा असावा तसा. दीड वर्षात तो उतरला नव्हता.

“मी टाके पुन्हा पुन्हा तपासले. त्यांत चूक नाही. मग हातच गेला का माझा? वय झालं का? तेव्हापासून सुरी हातात घेतलेली नाही. सोमवारी रुजू व्हा, नाहीतर राजीनामा द्या, असं पत्र आलंय. म्हटलं, जिथं मला कुणी ओळखत नाही तिथं बारीक काम करून बघू. जमलं तर परत जाऊ. नाही जमलं तर...”



नदीचा आवाज येत होता. सुभेदारांनी गुडघा चोळला.

“त्यो काय म्हनतो?”

“कोण?”

“ज्याचा हात हाय, त्यो.”

“दोनदा दवाखान्यात आला होता. सहकाऱ्यांनी तपासलं.”

“आन् तुमी?”

“मी फोटो बघितले.”

...

सुभेदार उठले. उठताना गुडघ्यांनी तक्रार केली, तिला त्यांनी एक शिवी दिली. खिडकीतला काचेचा पसरट वाडगा घेतला, नदीचं पाणी भरून आणलं, डॉक्टरांची माशी गळासकट शिकंज्यातून काढली आणि पाण्यावर सोडली.

माशी डौलात तरंगली. पांढरी शेंडी ताठ.

“तरंगतेय की!” डॉक्टरांचा चेहरा जरा उजळला.

“वाडगा धरा. डोक्याच्या वर. आन् खालनं बघा.”

“खालून?”

“मासा कुठं असतो?”

डॉक्टरांनी वाडगा दोन्ही हातांनी वर उचलला. थोडं पाणी बाहीतून कोपरापर्यंत गेलं. त्यांनी मान वर केली.

शेंडी दिसेना. लोकरीचं अंग दिसेना. दिसत होता फक्त एक गोल, काळा, गच्च डाग. सात वेढ्यांनी सगळं झाकून टाकलं होतं. असलं काही कुठल्याच नदीवर उडत नाही.

“हलू नगा,” सुभेदार म्हणाले.

त्यांनी खिशातून स्वतःची एक माशी काढली आणि हात लांब करून वाडग्यात टाकली. सकाळी बांधलेली. बांधताना त्यांचा हात लटलट कापत होता, हे डॉक्टरांनी पाहिलं होतं. शेंडी कलती, तीन वेढे, त्यांतही फटी. त्यांच्या माश्यांची ही कलती शेंडी नऊ दिवस डॉक्टरांच्या डोळ्यांत खुपत होती. एकदा तर न राहवून त्यांनी एक शेंडी चिमटीनं सरळ करून दिली होती, आणि सुभेदारांनी मुकाट्यानं करू दिली होती.

आता खालून बघताना शेंडीच नव्हती. पिसाचे तंतू चारपाच बारीक पायांसारखे पाण्यावर टेकले होते. मधे एक सडपातळ अंग. सुभेदारांचा श्वास लागला की ते जरासं थरथरायचं.

डॉक्टर खूप वेळ बघत राहिल्या.

“शेंडी माशाला दिसतच नाही...”

“न्हाई.”

“मग बांधता कशाला?”

“मला दिसाया नगं? माशी पान्यावर कुठं गेली, हे कसं कळायचं?”

“म्हणजे शेंडी आपल्यासाठी.”

“आपल्यासाठी.”

“आणि मी नऊ दिवस...”

“शेंडीच सरळ करत हुता.”

डॉक्टर हसल्या नाहीत. वाडगाही खाली ठेवला नाही. दंड भरून आले होते, तरी हात तसूभर हलत नव्हते.

“सुभेदार, माझा हात?”

“हाताला काय धाड भरलीय? माझ्यापरीस धा पटीनं चांगला हाय.”

नऊ दिवस, खरं तर दीड वर्ष, हेच ऐकायला त्या थांबल्या होत्या. ऐकलं, आणि कसलंच बरं वाटलं नाही. टाक्यांचे ते फोटोही वरूनच काढलेले होते.

...

सुभेदार पुन्हा भिंतीला टेकले होते. डोळे मिटलेले.

“सोमवारी जाऊ का मग?”

डॉक्टरांनी वाडगा खाली ठेवला.

“सुभेदार... जाऊ का?”

म्हाताऱ्यानं डोळे उघडले नाहीत.

“मला नगा इचारू, बाई. मी बी वरनंच बघतोय.”