कोरडा कुंचला

एकदा एक चित्रकर्ती मुलीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीने अगदी मेटाकुटीला आली. मुलांच्या पुस्तकांसाठी ती घरीच चित्रं काढायची. शाळा असली की दुपारपर्यंत घर तिचं. सुट्टी लागली आणि सात वर्षांची स्वरदा दिवसभर मागे. "आई, मुंगी झोपते का गं? आई, इकडे बघ ना!" आता बघा, जलरंगाचं काम मोठं नखरेल. आकाशाचा ओला रंग पसरत असताना हात मध्येच थांबला, की डाग पडलाच म्हणून समजा. अशी बरीच आकाशं वाया गेल्यावर आईने नियम घातला, "माझ्या हातात कुंचला असेल तोवर बोलायचं नाही. खाली ठेवला की मग काय ते बोल."

नियम रास्त होता. पोरगीही गुणी. ओठ घट्ट मिटून ती कुंचल्याकडे डोळे लावून बसे, आणि तो पाण्याच्या भांड्यात पडला रे पडला की तिची बडबड सुरू होई. पण या शांततेची आईला चटक लागली. पुढच्या चित्राचा विचार करताना, चहा पिताना, खिडकीत नुसती उभी असतानाही ती हातात कुंचला धरू लागली. कोरडा ठणठणीत! पोरीला काय कळणार त्यातलं? बिचारी गप्प राही.

सुट्टी सरत आली, चित्रं वेळेवर पुरी झाली. आई पेढे घेऊन, मुलीला घेऊन आपल्या वृद्ध गुरुजींकडे गेली. स्वरदा अंगणात खेळत होती, तेव्हा आईने आपली युक्ती हसत हसत सांगितली. "आता इतकी शहाणी झालीय गुरुजी, हाक म्हणून मारत नाही."

गुरुजींनी पेढा हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. मग त्यांनी स्वरदाला जवळ बोलावलं. "सुट्टीत काय केलंस बाळा?"

"शेजारच्या मनीला पिल्लं झाली, आजोबा! त्यातलं पांढरं होतं ना, ते माझ्या मांडीवरच झोपायचं. आणि एक दिवस ना..."

गुरुजींनी आपल्या मेजावरचा एक कोरडा कुंचला उचलला आणि आईच्या हातात दिला. स्वरदाचं लक्ष तिकडे गेलं. वाक्य अर्धवट टाकून तिने ओठ मिटले.

"अगं, बोल ना. मग काय झालं?" आई म्हणाली. मुलीने मान हलवली आणि आईच्या हाताकडे बोट दाखवलं.

गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "काम कर, जीव ओतून कर. मी कधी नको म्हटलं? ओल्या रंगासाठी ती गप्प बसली, ते योग्यच झालं. पण तू कोरडा कुंचला धरलास, तेव्हाही ती तितक्याच मनापासून गप्प बसली. ओला कुठला नि कोरडा कुठला, हे तुला ठाऊक होतं, तिला नव्हतं. लेकरू तुझ्या कामाचा मान राखत होतं गं, आणि तू त्या मानाच्या आड लपलीस. मुलं अशी थांबतात, वाट बघतात. बघून बघून मग सांगायचंच सोडून देतात. तू त्याला शहाणपण म्हणतेस?"

आईने कुंचला ठेवला आणि मुलीला कुशीत ओढलं. "सांग राणी. त्या पिल्लाचं काय झालं?"

"मेलं."

"मग तू मला सांगितलं का नाहीस? माझ्यापाशी येऊन रडायचं होतंस!"

"आले होते ना. खूप वेळ उभी होते." मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली, "आता नाही गं रडू येत. तेव्हा येत होतं."

आईला मात्र रडू आवरेना. गुरुजींनीही तिला गप्प हो म्हटलं नाही.

आपल्या घरात कुणी अलीकडे हाक मारेनासं झालं असेल, तर त्याचं कौतुक करण्याआधी क्षणभर त्याच्याजवळ जाऊन बसावं.