कुमुदोदतीरीचा शैवलासुरवध

कृतयुग सरत आले होते आणि त्रेतायुगाने अजून उंबरठ्यावर पाऊल ठेवले नव्हते, त्या संधिकाळी सह्याद्रीच्या उगवतीकडच्या उतरणीवर कुमुदोद नावाचे एक विस्तीर्ण सरोवर होते. त्याचे जल इतके निर्मळ, की काठावरच्या माणसाला तळाचा मासा दिसावा आणि तळाच्या माशाला काठावरचा कदंब. सारसांचे थवे, चक्रवाकांची युगुले आणि वाऱ्याने हेलावणारी कुमुदवने यांनी ते अहोरात्र गजबजलेले असे. एका तीरावर वेदघोषाने दुमदुमणारे ऋषींचे आश्रम होते, तर समोरच्या तीरावर कोळ्यांची, कुंभारांची आणि गोपाळांची वस्ती होती. मधल्या अथांग डोहात प्रत्यक्ष वरुणदेव निवास करतात, अशी दोन्ही तीरांची श्रद्धा होती. आणि श्रद्धा बसली की माणूस पुढे काय करतो, ते का सांगायला हवे? तो काहीतरी वाहू लागतो.

आश्रमवासी पूजेचे निर्माल्य, होमाचे भस्म, बिल्वपत्रे आणि अक्षता वरुणार्पण म्हणून जळात सोडत. पलीकडचे गोपाळ दुधाचे घडे रिते करत, कोळी भाताच्या मुदी सोडत. कोणाचीच भक्ती कमी पडत नव्हती, आणि तिथेच तर सगळे बिघडले! शिवाय आसनांसाठी दर्भ आणि चटयांसाठी लव्हाळे उपटून उपटून काठ उघडा पडला होता. दर पावसाळ्यात त्याची माती खचून पाण्यात जाई, आणि वरुणदेवाला भूमीही हवी असेल असे म्हणून लोक हात जोडत.

या सरोवराच्या तीरावर महाक्रोधी, महातपस्वी वैभीतक मुनी राहत असत. आयुष्यभर त्यांनी तप केले ते दोनच शब्द ऐकण्यासाठी. साक्षात ब्रह्मदेवाने समोर उभे राहून 'वर माग' म्हणावे, आणि आपण ब्रह्मर्षिपद मागावे, एवढाच त्यांचा ध्यास होता. त्यांची पत्नी शालावती ही समोरच्या तीरावरच्या कोळ्यांच्या नायकाची कन्या. लग्नाच्या दिवशी ती स्वतःच नाव वल्हवत सासरी आली होती, आणि वाटेत नवरदेवालाच दुसरे वल्हे धरायला लावले होते म्हणतात. सासर या तीराला, माहेर त्या तीराला, आणि मधले पाणी दोन्हीकडचे. ते सरोवर हेच तिचे सारे जग होते.

त्याच काळी असुरकुळात एक असुर जन्मला. त्याला गदा उचलता येईना, रथ हाकता येईना. भावांनी हाकलून दिल्यावर त्याने पाण्यात उभे राहून घोर तप केले आणि ब्रह्मदेवाकडून असा काही वर मिळवला, की त्याच्या भावांच्या गदा त्यापुढे लाटण्यासारख्या वाटाव्यात. मग तो जलाशयांमागून जलाशय धुंडाळत निघाला. कुमुदोदाजवळ येताच त्याला सडत्या निर्माल्याचा गंध आला. "अहाहा! इथे तर पंगत मांडलेली आहे," असे म्हणून तो आत उतरला. तो शैवलासुर. त्याला डोके नव्हते, हात नव्हते. हिरवे, चिकट, सहस्र तंतूंचे त्याचे शरीर फुगत फुगत एका पावसाळ्यात अर्ध्या सरोवरावर पसरले. मासे उलटे होऊन तरंगू लागले. सारस उडून गेले. गाई पाण्याला तोंड लावीनात.

लोकांनी राजा वृषांकाकडे धाव घेतली. राजा मनाने चांगला होता आणि आवाजाने त्याहून चांगला. तो चतुरंग सेना घेऊन आला आणि हत्तीवरून गर्जला, "वीरहो, तुटून पडा!" वेतनधारी वीर तुटून पडले. खड्गे चालली, परशू चालले. पण एक तंतू तोडावा तर तिथे दोन फुटावेत. मग ऋषींच्या हाकेने ऐरावतावर आरूढ होऊन वज्रपाणी इंद्र आला. त्याने आकाश फाटेल असे वज्र फेकले. पाणी ताडाएवढे उसळले, हिरव्या चिखलाचा पाऊस देवराजाच्या किरीटावर पडला आणि असुर होता तिथेच राहिला.

तेव्हा सरोवराच्या पोटातून गडगडाटी हास्य उमटले. "हे सहस्राक्षा, ब्रह्मदेवाचा वर ऐकून जा! शस्त्राने मला मरण नाही, अस्त्राने नाही. दुसऱ्याच्या आज्ञेवरून जो माझ्यावर हात टाकील, त्याच्या हातून नाही. आणि आधी ठरलेला असो की मागून मिळालेला असो, ज्याच्या पदरात या कामाचा मोबदला पडेल, त्याने उपटलेले माझे अंग पुन्हा जिवंत होईल. राजाची सेना आज्ञेची आणि वेतनाची. तू तर यज्ञभागाशिवाय स्वर्गातून पायही खाली ठेवत नाहीस. आज्ञेविना आणि मोबदल्याविना राबणारा जीव त्रैलोक्यात असेल, तर दाखव मला!"

इंद्राने किरीट पुसला आणि ऐरावत वळवला.

मग वैभीतक मुनींच्या क्रोधाग्नीला कोण आवरणार? त्यांनी कमंडलूतले जल ओंजळीत घेतले. "हे पाणीच उरले नाही, तर हा नीच जगेल कशावर? ऐका दिशांनो! हे कुमुदोद सरोवर या क्षणी—"

"थांबावे, नाथ!" शालावतीने धावत येऊन त्यांचा हात धरला. असले धाडस त्रैलोक्यात दुसरे कोणी केले नसते. "डोक्यात उवा झाल्या म्हणून कोणी डोके कापते काय? सरोवर आटले तर असुर मरेल हे खरे. पण आपण स्नान कुठे कराल? माझा बाप नाव कुठे घालील? ही दोन्ही तीरे उठून चार दिशांना जातील, आणि मला सासरही उरणार नाही, माहेरही उरणार नाही."

"मग तू काय करणार आहेस, भद्रे? देवराजाचे वज्र जिथे हरले, तिथे तुझे वल्हे जिंकणार?"

"ते मला ठाऊक नाही. आपण पौर्णिमेपर्यंत शाप आवरावा, एवढेच मागते."

मुनींनी दात खात ओंजळ रिती केली. "पौर्णिमेचा सूर्य मावळला, की मी कोणाचे ऐकणार नाही."

शालावती नाव घेऊन सरोवरात गेली आणि असुराचा एक तंतू हाताने उपटून तिने वर ओढला. त्या हिरव्या लगद्यात अर्धवट कुजलेली बिल्वपत्रे होती, आणि प्रत्येक पानावर तिच्याच हाताने उमटवलेले चंदनाचे बोट अजून पुसट दिसत होते. ते पाहून ती रडली. ज्याला मारायचे म्हणून आपण देवांना हाका मारतो आहोत, त्याला रोज सकाळी आपणच घास भरवत होतो, हे तिला लखलखीत दिसले, आणि लाजेने तिला पाण्यात तोंड पाहवेना.

तिने ते दोन्ही तीरांना सांगितले. लोक हळहळले, कानकोंडे झाले. निर्माल्य पाण्यात न सोडता झाडांच्या मुळाशी खड्ड्यात पुरू लागले. दुसऱ्या दिवशी स्वतःहून शंभर माणसे काठावर जमली. मुनी आले, कोळी आले, कुंभारणी आल्या, गोपाळांच्या म्हाताऱ्या काठ्या टेकत आल्या. उत्साहाला नुसते उधाण आले होते! मग ऋषींच्या तीरावर जे नेहमी होते ते झाले. संकल्पावाचून कुठल्याही कार्याला हात लावायचा नाही, ही तिथली रीत. वैभीतकांनी हातावर उदक सोडून खणखणीत स्वरात संकल्प सांगितला, "समस्त उपस्थितांना आयुरारोग्य, धनधान्य, पुत्रपौत्र आणि अंती स्वर्गलोक प्राप्त व्हावा, यासाठी हे कर्म आम्ही करीत आहोत." लोकांनी भक्तिभावाने मान लववली आणि कंबर कसली. दिवसभर त्यांनी ओढले, उपसले, वाहिले. काठावर हिरवे डोंगर उभे राहिले. आणि सूर्यास्ताला ते सगळे डोंगर सळसळत उठले आणि घरंगळत परत पाण्यात गेले!

"स्वर्ग हा मोबदला नव्हे काय, मुनिवर्य?" डोहातून असुर खदखदला. "इतका मोठा पगार तर वृषांकही देत नाही!"

मुनींचा चेहरा पडला. लोक पाठीला हात लावत, कुरकुरत आपापल्या घरी गेले. शालावती मात्र काठावर बसून विचार करत राहिली. कोणी सांगायचे नाही, कोणी मागायचे नाही. मग काम सुरू तरी कसे व्हायचे?

पहाट फुटली तेव्हा ती उठली, पदर खोचला आणि मोठ्याने एवढेच म्हणाली, "मी निघाले."

कोणाला 'चल' म्हटले नाही, कोणाकडे वळून पाहिले नाही. कमरेएवढ्या पाण्यात शिरून ती ओढू लागली. शेजारच्या पर्णकुटीतल्या ऋषिपत्नीने ते पाहिले. ती थोडी चुळबुळली, मग म्हणाली, "मीही निघाले." पलीकडच्या तीरावरून शालावतीच्या बापाची आरोळी आली, "पोरी, मी निघालो गं!" आणि मग काय विचारता! 'मी निघालो', 'मी निघाले' या हाकांनी दोन्ही तीरे दणाणली, आश्रमातले बटू निघाले, कुंभार चाके थांबवून निघाले, गोपाळांनी गाई झाडांना बांधल्या आणि तेही निघाले. सूर्यास्ताला सर्वांनी श्वास रोखून काठाकडे पाहिले. उपसलेला ढीग हलला नाही! उन्हात वाळून तो खुळखुळू लागला होता. तेव्हा जो जयघोष झाला, त्याने उडून गेलेले सारसही दचकले असतील.

मग रोज तसेच. एकीकडे शेवाळ उपसले जाई, तर दुसरीकडे खचल्या काठावर वाळ्याची आणि लव्हाळ्याची ठोंबे लावली जात. राजा वृषांकाला बातमी लागली, तसा तो सेना मागे ठेवून एकटाच आला, मुकुट काढून चिखलात उतरला. पण जित्याची खोड! दोन घटकांत त्याच्या तोंडून गेलेच, "ओढा रे गड्यांनो, जोर लावा!" त्यासरशी त्याच्या आसपासच्या लोकांच्या हातातले तंतू जिवंत होऊन मनगटांना वेटाळू लागले.

"महाराज," शालावती ओरडली, "गप्प राहणे आपल्या जिभेला जड होत असेल, तर दातांत एखादा लव्हाळा धरावा!"

तिने सुचवले तसे राजाने खरोखरच लव्हाळा दातांत धरला आणि उरलेले दिवस मुकाट्याने शेवाळ वाहिले. प्रजेला तो इतका प्रिय कधीच वाटला नव्हता.

पौर्णिमेचा दिवस उजाडला. आता केवळ मधल्या डोहातले मूळ उरले होते, हत्तीच्या पायाएवढे जाड आणि तळाच्या खडकात रुतलेले. नावांचे कडे करून, त्याला दोर बांधून सर्वांनी ते धरले. वैभीतक मुनीही आले होते. शाप उच्चारायला आले होते खरे, पण कधी धोतर खोचून पत्नीशेजारी उभे राहिले ते त्यांचे त्यांनाच कळले नाही. नावा कलल्या, दोर करकरले, तळहात सोलवटले. सूर्य डोंगराला टेकला. आणि खडक फुटल्यासारखा आवाज होऊन ते मूळ सुटले! शैवलासुराची भयंकर किंकाळी दाही दिशांत घुमली. त्याचे धूड काठावर येऊन पडले, पण त्यात अजून धुगधुगी होती. तो मंद मंद हसत होता.

"अजून देव यायचे आहेत," तो पुटपुटला. "देवांना राहवत नाही."

आणि खरोखरच आकाश उजळले, दुंदुभी निनादल्या, आणि हंसावर आरूढ झालेले, चतुर्मुख, पितांबरधारी ब्रह्मदेव सरोवरतीरी प्रकट झाले. त्यांच्या चारही मुखांवर प्रसन्न हास्य होते. भोळा देव! स्वतः दिलेला वर स्वतःच विसरला होता.

"वैभीतका, तुम्हा सर्वांच्या कर्माने मी प्रसन्न झालो आहे," ब्रह्मदेव म्हणाले. "वर माग."

काठावरचे धूड हलकेच फुगू लागले.

शालावतीने पतीकडे पाहिले. ज्या दोन शब्दांसाठी या माणसाने उन्हाळे अंगावर झेलले, अन्न सोडले, केस पिकवले, ते शब्द आज त्याच्या समोर उच्चारले गेले होते. 'मागू नका' असे तिच्या ओठांवर आले. पण तेही म्हणण्याची सोय नव्हती. आज्ञा झाली की सारे संपले. जन्मात कधी गप्प न बसलेली ती बाई ओठ दाबून उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. मुनींचे ओठ विलग झाले. त्यांच्या कंठातून 'ब्र' एवढे अक्षर उमटलेही. धूड आणखी एक वीत वाढले.

मुनींनी आपल्या सोलवटलेल्या तळहातांकडे पाहिले, मग चिखलाने माखलेल्या शालावतीकडे, लव्हाळा दातांत धरलेल्या राजाकडे, धापा टाकणाऱ्या सासऱ्याकडे पाहिले. त्यांनी तोंड मिटले. एक दीर्घ श्वास घेतला आणि हात जोडले.

"भगवन्, आपले दर्शन झाले, आनंद झाला. पण मला काही नको. त्या पूर्वेच्या कोपऱ्यात अजून थोडे शेवाळ राहिले आहे आणि प्रकाश जाईल, म्हणून मी निघालो."

एवढे बोलून ते पाण्यात शिरले. त्यांच्यामागोमाग सगळेच शिरले. काठावरच्या धुडातून शेवटचा सुस्कारा निघाला आणि ते वाळलेल्या गवतासारखे निर्जीव झाले. ब्रह्मदेव हंसावर एकटेच उरले. वर द्यायला आलेला देव, आणि घेणारा कोणी नाही! असा प्रसंग त्यांच्यावर सृष्टीच्या आरंभापासून आला नव्हता. त्यांनी चारही दिशांना पाहिले. मग हळूच हंसावरून उतरले, पितांबर गुडघ्यापर्यंत खोचला आणि चारही मुखांनी एकदम, जरा संकोचत म्हणाले, "मी निघालो."

शालावतीच्या शेजारची जागा रिकामी होती. तिने सरकून वाट करून दिली.

त्या दिवसापासून कुमुदोदाच्या तीरावर कोणताही देव कोणाला वर देत नाही, आणि कोणी मागतही नाही. आणि पहाटे तिथे पाण्यात उतरणारे लोक शेजारी उभे राहून शेवाळ ओढणाऱ्याला त्याचे नाव विचारत नाहीत. कोण असेल काय सांगावे, उगाच त्याला अवघडल्यासारखे व्हायचे.