कोरा पट्टा

नुकतंच लायसन्स हाती आलेली हेमांगी नर्स स्वस्तातली पहिली गाडी शोधत जुन्या गाड्यांच्या बाजारात आली. दत्ताशेठने एका पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर थाप मारली. "साधा ओरखडासुद्धा नाही, ताई. डोळे झाकून घ्या!"

तिने आत बसून सगळे सीटबेल्ट ओढून पाहिले. बाकीचे उन्हाने विटलेले, ड्रायव्हरशेजारचा तेवढा कोरा करकरीत.

"हा एकटाच का बदलला?"

शेठ हसला. "नवशिक्यांनी रंग बघावा. गाडीतलं तुम्हाला काय कळतंय?"

"गाडीतलं नाहीच कळत, शेठ. मी अपघात विभागात असते. चेपलेल्या गाडीतून काढलेलं माणूस कापलेला पट्टा अंगावर घेऊनच आमच्याकडे येतं. या सीटवरचं वाचलं का, तेवढं सांगा."

शेठने बॉनेटवरचा हात काढून घेतला.