नवरदेवाची मोटार आणि चार जाणते

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. गावात जाणकार पुष्कळ होते आणि मोटार एकच होती. ती दत्तोबाशेठ कोठावळे यांची. शेठचे कापडाचे दुकान होते, पण दुकानापेक्षा त्यांचा जीव मोटारीत होता. घरात कोणी खोकले तर शेठ पेपर वाचत राहत. मोटार खोकली की अनवाणी धावत.

“माझ्या हातून गाडीत कधी बिघाड झालेला नाही,” असे ते छातीठोक सांगत. गाडी बंद पडली की दोष पेट्रोलचा असे, रस्त्याचा असे, नाहीतर हवेचा असे. एकदा तर तो ग्रहणाचा होता.

याच गावातल्या श्रीरंगचे लग्न ठरले. श्रीरंग तिशी ओलांडलेला, सरळ, पण फार लाजरा. मुलगी पाहायला गेला की मुलीऐवजी पोह्यांकडे पाहत बसे. त्यामुळे बरीच स्थळे हातची गेली होती. यमुनेने मात्र त्याला पसंत केले. तिच्या मामाला हा जावई पटला नव्हता. मामा तापट गृहस्थ. त्याने बैठकीतच बजावले, “मुहूर्ताला नवरदेव मांडवात दिसला नाही, तर अक्षता परत पोत्यात ओतीन.”

लग्न घाटापलीकडच्या गावात, दुपारचे होते. वऱ्हाड सकाळीच ट्रकमधून पुढे गेले. गावच्या रिवाजाप्रमाणे नवरदेवाने मारुतीला नारळ फोडून सर्वांच्या शेवटी निघायचे होते, आणि तेही शेठच्या मोटारीतून. श्रीरंग मुंडावळ्या बांधून, हातात कट्यार घेऊन देवळात गेला. बाहेर आला, गाडीत बसला. शेठनी गाडी सुरू केली. ती गुरगुरली, देवळासमोरचा पिंपळाचा पार ओलांडून थोडी पुढे गेली आणि गप्प झाली. पुन्हा सुरू होईना.

पारावर बसलेली मंडळी अशाच प्रसंगाची वाट पाहत जगत होती. पहिले उठले माजी सरपंच बापूराव.

“शेठ, गाडीला थंडी वाजलीय. चोक ओढा.”

“ऊन मी म्हणतंय, बापूराव!”

“गाडीच्या पोटात थंडी असते,” असे म्हणून बापूरावांनी स्वतःच हात घालून चोक, म्हणजे इंजिनाला जादा पेट्रोल पाजणारा दांडा, ओढला.

मग आले मुजुमदार गुरुजी. त्यांनी सगळे आयुष्य गावाला शिस्त लावण्यात घालवले होते आणि गाव होते तसेच राहिले होते. त्यांनी बॉनेट उघडले. प्लगच्या चार वायरी सोडवल्या, उपरण्याने लखलखीत पुसल्या आणि परत लावल्या. पाठोपाठ श्रीरंगची आत्या, गोजराबाई, गाडीभोवती फिरून आली. भाच्याची दृष्ट काढायला ती मागे राहिली होती. सायलेन्सरच्या नळीकडे पाहून ती म्हणाली, “काय ही काजळी! पोराच्या पांढऱ्या धोतरावर उडली म्हणजे?” तिने नळीत चिंधीचा बोळा ठासला. चांगला दाबून ठासला. आत्या लोणच्याच्या बरण्याही अशाच बंद करी.

इकडे शेठ आपल्या आसनावर घाम पुसत बसले होते. आतापर्यंत त्यांनी पेट्रोलवाल्याला नावे ठेवली होती, तालुक्याच्या मिस्त्रीला ठेवली होती, आणि ओठांतल्या ओठांत नवरदेवाच्या पायगुणालाही ठेवली होती. तेवढ्यात त्यांना आठवले. पारावरची माणसे पेट्रोल चोरून धोतराचे डाग काढतात, असा त्यांचा जुना संशय होता. म्हणून देवळापुढे गाडी उभी केली की ते आसनाखालचा पेट्रोलचा कॉक, म्हणजे तोटी, गुपचूप बंद करत. आजही केला होता. उघडायचा मात्र राहिला होता. पेट्रोलच्या नळीत उरलेल्या थेंबांवर गाडी चार पावले चालली आणि थांबली.

शेठ पडलेली किल्ली शोधत असल्यासारखे वाकले आणि त्यांनी कॉक उघडला. किल्ली त्यांच्या हातातच होती. मग त्यांनी डोळे मिटून स्टार्टर दाबला. आता गाडी मुकाट्याने सुरू होईल, कोणाला काही कळणार नाही, आणि दोष पुन्हा हवेचा ठरेल, असा त्यांचा हिशेब होता.

गाडी फक्त शिंकली. पेट्रोलचा भपकारा आला आणि पुन्हा सगळे शांत झाले. मंडळींनी धक्का दिला, तरी ती नुसती उचक्या देत राहिली.

“गुरुजी, तुम्ही काय केलंत?” शेठ ओरडले.

“मी? मी केवळ स्वच्छता केली. बापूरावांना विचारा.”

“मी तर हातसुद्धा लावला नाही,” बापूराव म्हणाले. “बाईमाणूस गाडीभोवती फिरलं, तिथंच घात झाला.”

“माझं नाव घ्याल तर याद राखा!” आत्या कडाडली. “डबडं तुमचं आणि दोष माझा होय?”

बघता बघता पारासमोर असे भांडण जुंपले की देवळातले पुजारीही नैवेद्य झाकून बाहेर आले. गाडीकडे कोणी पाहत नव्हते. जो तो दुसऱ्याच्या हाताकडे बोट दाखवत होता.

तेव्हा मागचे दार उघडले. श्रीरंग खाली उतरला. त्याने नवे जोडे काखेत मारले आणि घाटाच्या रस्त्याने चालू लागला.

“अरे, कुठं निघालास?” आत्या ओरडली.

“लग्नाला,” श्रीरंग म्हणाला. “मुहूर्ताला पोचणार नाही, मला ठाऊक आहे. पण यमुनेने मला ‘हो’ म्हटलंय. मी भांडण ऐकत बसलो होतो, असं तिला कोणत्या तोंडानं सांगू?”

रस्त्याच्या धुळीत नवरदेवाची पाठ लहान होत चालली. शेठना ते पाहवेना. कापडाच्या दुकानात त्यांनी किती तरी लग्ने सजवली होती. आपल्यामुळे एक मोडते आहे, हे पहिल्यांदाच घडत होते. ते गाडीतून उतरले आणि मोठ्याने म्हणाले, “पेट्रोलचा कॉक मीच बंद केला होता. तुम्ही चोर आहात असं समजून. आणि मघाशी तुम्हाला न सांगता उघडला.”

मग पार असा हसला की पिंपळावरचे कावळे उडाले. शेठ मान खाली घालून उभे राहिले. हसणे ओसरले, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की आपण अजून जिवंत आहोत, आणि छातीवरचे ओझेही उतरले आहे.

गुरुजींनी घसा साफ केला. “त्या वायरींचं असं आहे, शेठ. पहिलीनंतर तिसरी होती, मग चौथी, आणि दुसरी सगळ्यांच्या शेवटी. मला ते बेशिस्त वाटलं. मी त्यांना अनुक्रमाने उभं केलं.”

“गुरुजी, अहो ती बेशिस्तच तिची चाल आहे!” शेठ कपाळाला हात लावत म्हणाले. गुरुजींनी वायरी पुन्हा बेशिस्त केल्या. जन्मात पहिल्यांदाच त्यांना त्यात आनंद झाला.

“आणि चोक मी जरासा ओढला होता,” बापूराव पुटपुटले. “जरासा म्हणजे सगळा.” त्यांनी तो आत ढकलला.

आत्या गाडीच्या मागे गेली आणि दोन्ही हातांनी बोळा ओढून काढला. शेठनी इंजिनाला थोडी उसंत दिली आणि स्टार्टर दाबला. गाडीने एक मोठा काळा ढग सोडला आणि ती धडधडू लागली. चौघांनी एकदमच टाळ्या पिटल्या. दार लावण्याचेही भान न ठेवता सगळे आत कोंबले गेले आणि वाटेत त्यांनी नवरदेवाला जवळजवळ उचलूनच आत घेतले.

मांडवात मंगलाष्टके सुरू व्हायला आली होती. नवरदेवाची वाट पाहत भटजी आधीच्या मंत्राची एकच ओळ ताणून ताणून म्हणत होते. दारात मामा कमरेवर हात ठेवून उभा. त्याने काजळीने माखलेले हे वऱ्हाड पाहिले आणि तो गरजला, “उशीर कोणामुळे झाला?”

“माझ्यामुळे!” शेठ म्हणाले.

“छे, खरा घोळ माझा,” गुरुजी म्हणाले.

“तुमचा कसला? माझ्या चोकचा!” बापूराव पुढे झाले. आत्याने सगळ्यांना बाजूला सारले. “बोळा मी घातला होता. माझ्या पोराला बोल लावू नका.”

मामाचा हात कमरेवरून खाली आला. त्याने बरीच लग्ने पाहिली होती आणि बऱ्याच लग्नांत स्वतः भांडण काढले होते. पण दोष आपल्याकडे ओढण्यासाठी भांडणारे वऱ्हाड त्याने कधी पाहिले नव्हते. तो खो खो हसू लागला.

“चला आत,” तो म्हणाला. “अशा माणसांत आमची पोर सुखात राहील.” आणि पहिल्या मूठभर अक्षता त्यानेच उधळल्या. यमुना अंतरपाटामागे हसली. श्रीरंगने या खेपेस पोह्यांकडे पाहिले नाही. तिथे पोहे नव्हतेच.

तात्पर्य: बिघाड दुसऱ्याच्या हातात शोधत बसले की तो वाढतो. आपली चूक जो पहिल्याने सांगतो, त्याला चार लोक हसतात खरे. पण त्याच्या मागोमाग सगळ्यांची तोंडे उघडतात आणि अडलेले काम चालू लागते.